'ध'चा 'मा' आणि पुण्याचा मॅकबेथ

शनिवारवाड्याचं रील तुम्ही एकदा तरी बघितलंच असणार. रात्रीचा दिल्ली दरवाजा, मागे घाबरवणारं म्युझिक आणि मग तो आवाज, "काका, मला वाचवा!" तो आवाज अजून येतो की नाही, यात आज शिरायचं नाही. तो ज्या काकाला मारलेला होता, त्या काकाबद्दल बोलायचंय. कारण मराठी रंगभूमीला तिचा मॅकबेथ याच वाड्यात सापडला.

रघुनाथराव, म्हणजे राघोबादादा. थोरल्या बाजीरावांचा मुलगा, नानासाहेब पेशव्यांचा धाकटा भाऊ. 'अटकेपार झेंडे लावले' असं आपण सहज म्हणून जातो ना, ती १७५८ ची मोहीम याच्याच नेतृत्वाखालची. हे आधी सांगतोय कारण मॅकबेथही नाटकात येतो तो लढाई जिंकून. शूर आहे, राजाचा लाडका आहे. त्याच्याहून वरची फक्त एकच खुर्ची उरलेली असते, आणि तिथेच सगळा घोळ होतो.

राघोबाचंही तसंच. १७६१ मध्ये पानिपत झालं, पाठोपाठ नानासाहेब गेले आणि पेशवाई मिळाली सोळा वर्षांच्या पुतण्याला, माधवरावांना. अनुभवी काका बाजूला. १७६२ मध्ये काका-पुतण्यांत आळेगावला चक्क लढाई झाली. १७६८ मध्ये धोडपला राघोबा हरला आणि शनिवारवाड्यात नजरकैदेत येऊन बसला. नोव्हेंबर १७७२ मध्ये माधवराव थेऊरला वारले आणि गादीवर आला त्यांचा धाकटा भाऊ नारायणराव, वय सतरा. थोडे दिवस काका-पुतण्याचं बरं चाललं, मग काकांवर पुन्हा पहारा बसला. विचार करा, ज्याने अटकेपर्यंत फौजा नेल्या तो चाळिशीला आलेला माणूस पोरसवदा पुतण्याच्या परवानगीशिवाय वाड्याबाहेर पडू शकत नाही.

३० ऑगस्ट १७७३. गणपतीचे दिवस. पुढचा तपशील मी मुख्यतः ग्रँट डफचा घेतोय. हा इंग्रज अधिकारी पुढे साताऱ्यात नेमणुकीवर होता आणि त्याचा मराठ्यांचा इतिहास १८२६ मध्ये छापला गेला. घटनेनंतर पन्नासेक वर्षांनी, तेही जिंकलेल्या बाजूने लिहिलेलं, एवढं लक्षात ठेवून ऐका. त्या सकाळी गारद्यांमध्ये, म्हणजे वाड्याच्या भाडोत्री पायदळात, चुळबुळ सुरू झाली. नारायणरावांनी हरिपंत फडक्यांना बंदोबस्त ठेवायला सांगितलं. हरिपंतांनी ते फारसं मनावर घेतलं नाही आणि ते एका स्नेह्याकडे जेवायला गेले. (पुण्यात दुपारच्या जेवणाची वेळ किती जपतात, यावर वेगळा एपिसोड होईल.)

दुपारी गारदी आत घुसले. तोंडी भाषा थकलेल्या पगाराची होती. नारायणराव धावत काकाच्या दालनात गेले आणि त्यांनी काकाला मिठी मारली. डफ म्हणतो की राघोबाने सुमेरसिंग गारद्याला आधी विनवलं, याला सोड म्हणून. सुमेरसिंगाने उत्तर दिलं की आता माघार घेऊन स्वतःचा जीव मी घालवणार नाही, याला सोडा, नाहीतर तुम्हीही मराल. मग राघोबाने ती मिठी सोडवली आणि तो गच्चीवर निघून गेला. मागे राहिलेल्या चापाजी टिळेकर या सेवकाने धन्याच्या अंगावर स्वतःला झोकून दिलं. दोघेही मारले गेले.

एवढं सगळं होऊन आपल्या लक्षात काय राहिलं? 'ध'चा 'मा'. राघोबाने गारद्यांना लिहून दिलं होतं 'नारायणरावास धरावे', आनंदीबाईने खाडाखोड करून 'मारावे' केलं, ही कथा. ती इतकी रुजली की मराठीत तो वाक्प्रचारच होऊन बसला. डफही सांगतो की शब्द बदलला गेला आणि तो आनंदीबाईने बदलला अशी सर्वसाधारण समजूत होती. समजूत! आज तो कागद कोणी दाखवू शकत नाही. पण घटकाभर कथा खरी मानू. तरी 'ध'चं काय? आपल्या सख्ख्या पुतण्याला, गादीवरच्या पेशव्याला, पैशासाठी काम करणाऱ्या हत्यारबंद लोकांकडून 'धरायला' सांगणारा माणूस नेमकं काय होईल असं समजत होता? ऑफिसमधला तो नमुना तुम्हाला माहीत असेल, काम बिघडलं की म्हणतो, "मी मेलमध्ये तसं लिहिलंच नव्हतं." राघोबाचा बचाव अगदी तोच आहे. माझ्या मते अक्षर कोणी बदललं हा दुय्यम प्रश्न आहे. मिठी सोडवणारे हात कोणाचे होते, याबद्दल वाद नाही.

१९०९ मध्ये कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी यावरच 'भाऊबंदकी' लिहिलं. खाडिलकर 'केसरी'तले, टिळकांचे माणूस. टिळक तेव्हा मंडालेच्या तुरुंगात. काँग्रेस डिसेंबर १९०७ मध्ये सुरतेला फुटलेली. नाटकाचं नाव वाचूनच प्रेक्षकाला घरची भांडणं आठवली असतील असं मला वाटतं. त्यांच्या 'कीचकवधा'वर तर सरकारने बंदीच घातली.

खाडिलकर शेक्सपिअर कोळून प्यायलेले होते आणि त्यांचे राघोबा-आनंदीबाई बघताना मॅकबेथ नवरा-बायको डोळ्यांसमोर येतातच. हवं तर आहे, पण हात घाण व्हायला नकोत असा नवरा, आणि मन घट्ट करायला लावणारी बायको. मराठी नटांनाही हे नातं नवीन नव्हतं. दुर्गा खोटे 'भाऊबंदकी'त होत्या आणि १९५४ मध्ये शिरवाडकरांनी मॅकबेथवरून केलेल्या 'राजमुकुट'मध्ये लेडी मॅकबेथही त्याच झाल्या.

पण एक गोष्ट शेक्सपिअरकडे नाही, ती पुण्याकडे आहे. मॅकबेथचा हिशेब मॅकडफ तलवारीने चुकता करतो. इथे समोर उभा राहतो पगारी न्यायाधीश, रामशास्त्री प्रभुणे. परिस्थिती बघा. राघोबा आता आरोपी नाही, मालक आहे. साताऱ्याहून पेशवाईची वस्त्रं आली आहेत. नोकरी त्याच्या हातात आहे. अशा वेळी शास्त्रीबुवा खुनाची चौकशी करतात, त्याच्याच तोंडून 'धरा' म्हटल्याची कबुली घेतात, आणि प्रायश्चित्त काय असं विचारल्यावर सांगतात, देहान्त. मग पुणे सोडून वाईजवळच्या एका खेड्यात जाऊन राहतात. शिक्षा अमलात आणायला त्यांच्याकडे एक शिपाईही नव्हता. नाटक म्हणून हा प्रवेश मला मॅकडफच्या द्वंद्वापेक्षा जास्त भारी वाटतो, कारण तलवारीने माणूस फक्त मरतो. इथे राघोबाला जिवंत राहून पेशवा म्हणून मिरवायचंय, आणि गावात सगळ्यांना निकाल माहीत आहे. १९४४ मध्ये पुण्याच्या 'प्रभात'ने 'रामशास्त्री' सिनेमा काढला, तोही याच नकारावर उभा आहे.

राघोबाच्या डोक्यावर वस्त्रं फार टिकली नाहीत. नारायणरावांची पत्नी गंगाबाई गरोदर होती. नाना फडणीस, सखारामबापू वगैरे कारभाऱ्यांनी तिला पुरंदरावर नेलं आणि एप्रिल १७७४ मध्ये सवाई माधवराव जन्मले. झालं, गादीला खरा वारस मिळाला. मग राघोबाने जे केलं ते मला खुनाइतकंच वाईट वाटतं. मार्च १७७५ मध्ये त्याने सुरतेला इंग्रजांशी तह केला. खुर्चीसाठी फौज मागितली आणि बदल्यात साष्टी-वसई देऊ केली. हेच ते वसई, जे त्याच्या काकाने, चिमाजीअप्पाने, १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून प्रचंड माणसं गमावून जिंकलं होतं. मॅकबेथ एका खुनानंतर दुसरा करत जातो. राघोबा दर वेळी थोडी जमीन सोडत गेला.

१७८२ च्या सालबाईच्या तहाने इंग्रजांनी त्याचा हात सोडला. पेन्शन घेऊन तो कोपरगावला राहिला आणि तिथेच १७८३ मध्ये वारला. आनंदीबाई त्यानंतर दहा वर्षं जगल्या. नाशिकजवळचं आनंदवल्ली त्यांच्याच नावाचं.

या दोघांचा मुलगा १७९६ मध्ये पेशवा झाला. दुसरा बाजीराव. १८०२ मध्ये त्यानेही इंग्रजांशी तह केला, तोही वसईलाच. १७ नोव्हेंबर १८१७ ला शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण चढलं तेव्हा तो पुण्याबाहेर पळत होता.

पुढच्या भागात बारभाई. भेटू.