उन्हात टाकायची गादी आणि न टाकायची

उन्हाळा लागला की भंडारा जिल्ह्यात अंगणात, गच्चीवर गाद्या उन्हात टाकलेल्या दिसतात. ही रीत जुनी आहे आणि तिला शास्त्रीय आधारही आहे. पण हीच रीत लेटेक्सच्या गादीला लावली तर महागाची वस्तू वाया जाते. असे का, हे समजण्यासाठी दोन्ही पदार्थांचा इतिहास पाहायला हवा.

भंडारा हा धानाचा जिल्हा. खाली तणस, वर गोधडी, हे इथले स्वस्त अंथरूण. ज्यांना परवडे ते वऱ्हाडचा कापूस भरत, तर कोणी जंगलातल्या काटेसावरीचा. सावरीचा तंतू पोकळ आणि मेणचट असतो. त्याचे सूत नीट निघत नाही, पण तो हवा धरून ठेवतो. खरे तर कोणत्याही गादीत आपण हवेवरच झोपतो. रोजच्या वजनाने ही हवा निघून जाते, कापूस दबतो, त्याचे गोळे होतात. मग पिंजारी येई आणि पिंजणाच्या ताणलेल्या तातीच्या कंपनांनी तंतू पुन्हा मोकळे करी. कापूस हवेतली ओलही शोषतो. ऊन लागले की ती उडून जाते आणि गादी फुगते.

लेटेक्सची कथा वेगळी आहे. १८३९ साली चार्ल्स गुडइयर यांना गंधक आणि उष्णता वापरून रबर टिकाऊ करण्याची युक्ती सापडली. १८७६ साली हेन्री विकहॅम यांनी ब्राझीलमधून रबराचे बी लंडनजवळच्या क्यू उद्यानात नेले. तिथली रोपे श्रीलंकेत व पुढे आग्नेय आशियात गेली. केरळात १९०२ पासून रबराची व्यापारी लागवड सुरू झाली. १९२९ मध्ये इंग्लंडमधील डनलॉप कंपनीत ई. ए. मर्फी यांनी रबराचा चीक घुसळून त्याचा फेस केला आणि तो फेस तसाच घट्ट केला. या पद्धतीत जड कण तळाशी बसतात, म्हणून पट्टीची खालची बाजू किंचित कडक होते. नंतरच्या टॅलाले पद्धतीत साचा निर्वात करून फेस फुलवतात आणि लगेच गोठवतात. त्यामुळे पट्टी सर्वत्र सारखी होते. अशा कमी-अधिक कडक पट्ट्या एकमेकींवर रचून थरांची गादी बनते.

थर कशासाठी? समजा, ६० किलो वजनाची व्यक्ती फरशीवर निजली आणि तिचे १००० चौरस सेंटिमीटर अंग जमिनीला टेकले. सरासरी दाब पाऱ्याच्या सुमारे ४४ मिलिमीटर होईल. टेकणारे क्षेत्र दुप्पट केले की तो २२ वर येतो. यूजीन लँडिस यांनी १९३० मध्ये बोटांच्या केशवाहिन्यांत मोजलेला रक्तदाब सुमारे ३२ मिलिमीटर होता. ही काही पक्की सीमारेषा नव्हे. तरीही अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला शय्याव्रण का होतात, याची कल्पना त्यावरून येते. वरचा मऊ थर दाब पसरवतो. पण सगळीच गादी मऊ असेल तर कंबर खाली जाते, म्हणून तळाला कडक थर हवा.

तक्रारीवरून दोष शोधता येतो. खांदा व कुल्ला दुखत असेल तर वरचा थर कडक असण्याचा संभव. सकाळी कंबर धरत असेल तर मधला किंवा खालचा थर मऊ पडला असेल. त्याआधी पलंगाच्या फळ्या वाकल्या नाहीत ना, आणि खोळ फार ताणलेली नाही ना, हे पाहावे. ताणलेली खोळ मऊ थराला दबूच देत नाही. एका वेळी एकच थर बदलावा आणि काही रात्री झोपून पाहावे. दोन थर एकदम बदलले तर गुण कशाचा, हे कळत नाही.

आता उन्हाकडे वळू. सूर्यप्रकाशातील अतिनील किरण, उष्णता व हवेतील ऑक्सिजन रबराच्या लांब साखळ्या तोडतात. ते ठिसूळ होते, त्याचा भुगा पडतो आणि कोणताही पिंजारी त्याला पूर्ववत करू शकत नाही. लेटेक्सची गादी सावलीत, वाऱ्यावर ठेवावी.

वर्गात हे सहज दाखवता येईल. दोन सारखे रबरबँड घ्यावेत, एक उन्हात ताणून ठेवावा आणि दुसरा तेवढाच ताणून अंधाऱ्या कपाटात. जोडीला कापसाचे दोन बोळेही ठेवावेत. महिन्याभराने मुलांनाच विचारावे : उन्हाने कोणाचे काय केले?