सुबाभूळ, शेळ्या आणि एक जिवाणू

ज्यांच्या घरी शेळ्या आहेत अशा मुलांना वर्गात विचारून पहा. शेळीसमोर सुबाभळीचा पाला टाकला की बाकीचा चारा ती बाजूला सारते, हे ती लगेच सांगतील. एखादं चुणचुणीत मूल पुढे असंही म्हणेल की नुसती सुबाभूळ घालायची नसते, दुसऱ्या चाऱ्यात मिसळायची. एकतृतीयांशाहून जास्त नको. का? तर केस गळतात. या साध्या उत्तरामागचा इतिहास आम्हाला फार आवडतो.

सुबाभूळ मूळची मेक्सिको-मध्य अमेरिकेतली. महाराष्ट्रात १९७० च्या दशकात उरुळीकांचनच्या 'बायफ'ने, मणिभाई देसाईंच्या पुढाकाराने, तिचा मोठा प्रसार केला. तिच्या वाळलेल्या पाल्यात वजनाच्या पाचव्या ते चौथ्या हिश्श्याइतकी प्रथिनं असतात. वाळल्या गवतावर खुरटणाऱ्या करडांना असा पूरक आहार मिळाला तर ती झपाट्यानं वाढायला हवीत. अडचण एकच. पाल्यात, आणि कोवळ्या पाल्यात अधिकच, मिमोसिन नावाचं विषारी अमिनो आम्ल असतं.

ऑस्ट्रेलियात हेगार्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६४ साली मेंढ्यांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. मेंढीला एकदम भरपूर सुबाभूळ दिली तर लोकर गळते. हळूहळू सवय लावली तर गळत नाही. कारण तिच्या कोठीपोटातले (रुमेनमधले) जिवाणू मिमोसिन मोडायला लागतात. प्रश्न सुटला, असं वाटावं. पण मोडून तयार होतं ते डीएचपी नावाचं दुसरं रसायन, आणि १९७६ मध्ये याच गटाने दाखवून दिलं की ते अवटू ग्रंथीच्या (थायरॉइडच्या) कामात अडथळा आणतं. केस शाबूत, पण गलगंड. खाणं कमी, वाढ खुंटलेली. आगीतून फुफाट्यात!

टाऊन्सव्हिलच्या सरकारी प्रयोगशाळेत काम करणारे रेमंड जोन्स यांना मात्र एक गोष्ट खटकत होती. हवाई बेटांवर शेळ्या मुख्यतः सुबाभळीवरच जगत होत्या आणि ठणठणीत होत्या. झाड तेच, प्राणी तोच. मग फरक कुठे? जोन्स यांनी या शेळ्यांची लघवी तपासली. ऑस्ट्रेलियातल्या शेळ्यांच्या लघवीत डीएचपी भरपूर सापडे, हवाईतल्या शेळ्यांच्या लघवीत ते जवळजवळ नव्हतंच. पोटात कोणीतरी ते पुढे मोडत होतं.

इथे क्षणभर थांबायला हवं. पाश्चर आणि कॉख यांच्यापासून आपण शिकत आणि शिकवत आलो की रोग होतो तो जंतू शरीरात शिरल्यामुळे. जोन्स यांचं म्हणणं नेमकं उलटं होतं: ऑस्ट्रेलियातली जनावरं आजारी पडतात ती एक जिवाणू पोटात नसल्यामुळे.

तो नसावा तरी का? करडू जन्मतं तेव्हा त्याचं कोठीपोट चिमुकलं असतं, आणि प्यायलेलं दूध त्याला वळसा घालून थेट चौथ्या कप्प्यात जातं. पुढे आईच्या चाटण्यातून, सडांवरून, जमिनीवरून सूक्ष्मजीव येत जातात. करडू पाला कुरतडू लागलं की त्यांना खाद्य मिळतं आणि कोठीपोटही वाढतं. म्हणजे हा वारसा कळपातून येतो. रवंथ करणारी जनावरं ऑस्ट्रेलियात मुळात नव्हती. ती १७८८ पासून जहाजांतून आली, आणि ज्यांनी सुबाभूळ कधी पाहिलीही नव्हती अशा कळपांतून आली.

तर्क ठीक, पण पुरावा हवा. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला जोन्स आणि मेगॅरिटी यांनी हवाईतल्या शेळ्यांच्या कोठीपोटातले जिवाणू ऑस्ट्रेलियात आणून तिथल्या जनावरांच्या पोटात सोडले. डीएचपी मोडायला लागलं. जोन्स आणि लॉरी यांनी इंडोनेशियातल्या एका शेळीच्या कोठीपोटातला द्रव वापरूनही तेच साधलं. आणि प्रत्येक जनावराला डोस देण्याचीही गरज पडेना. थोड्यांना दिला की कळपातल्या इतरांमध्ये जिवाणू आपोआप पसरे.

जिवाणू वेगळा काढणं जिकिरीचं होतं, कारण हवेचा स्पर्श त्याला सोसत नाही. अमेरिकेतले मिल्टन ॲलिसन आणि सहकारी यांनी ते जमवलं आणि १९९२ मध्ये त्याचं बारसं केलं: सिनर्जिस्टेस जोन्सिआय. हा साखर खातच नाही; डीएचपी आणि आर्जिनिन, हिस्टिडिन यांसारखी अमिनो आम्लं यांवर तो जगतो. पिष्ट आणि तंतू पचवणाऱ्या शेजाऱ्यांच्या गर्दीत असा विक्षिप्त भाडेकरू!

पुढे क्वीन्सलंडमध्ये या जिवाणूंचं मिश्रण मोठ्या टाक्यांत वाढवून पशुपालकांना देण्यात येऊ लागलं. गोष्ट इथेच संपती तर छान झालं असतं. पण २००० नंतरच्या पाहण्यांत डोस दिलेल्या काही कळपांच्याही लघवीत डीएचपी पुन्हा आढळलं. शिवाय हा जिवाणू थोड्या संख्येनं अनेक देशांतल्या जनावरांत असतोच, हेही दिसलं. काही जनावरं तर लघवीत भरपूर डीएचपी असूनही धडधाकट होती. त्यांचं यकृत डीएचपीला दुसऱ्या रेणूंशी बांधून निरुपद्रवी करत असावं, असं आता काही संशोधक मानतात, आणि जोन्स यांच्या जिवाणूचा वाटा नेमका किती, यावर वाद चालू आहे.