चट्ट्यापासून लाळेपर्यंत

मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झाले. तेथील विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९४४ मध्ये तोंडाच्या कर्करोगाच्या ओळीने आलेल्या एक हजार रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. तंबाखूची सवय कोणती आणि गाठ कोठे उठते, यांचा संबंध त्यांनी दाखवला. पण रुग्णालयात पोचेपर्यंत रोग बहुधा बळावलेला असे. त्याची सुरुवात पाहायची तर निरोगी माणसांच्या दारी जाणे भाग होते.

ते काम टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील दंतवैद्य डॉ. फली मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केले. मावळ आणि लोणावळा ज्या पुणे जिल्ह्यात येतात, तेथील १,०१,७६१ ग्रामस्थांची त्यांची पाहणी १९७२ मध्ये प्रसिद्ध झाली. तव्यावर तंबाखू काळी होईतो भाजून केलेली मिशरी बायका दातांना लावतात, हे आपल्याला ठाऊक आहेच. अशा सवयींची नोंद करायची आणि तोंडातले पांढरे चट्टे शोधायचे, अशी ही पद्धत होती. चट्टे प्रामुख्याने तंबाखू वापरणाऱ्यांतच आढळतात, हे अशा पाहण्यांतून स्पष्ट झाले.

नुसत्या नजरेने जीव वाचतात का? केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी लोकांची तोंडे तपासली. २००५ च्या निष्कर्षानुसार तंबाखू किंवा दारूचे सेवन करणाऱ्यांतील तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे एकतृतीयांशाने घटले.

तरीही एक अडचण उरते. बहुतेक चट्टे कर्करोगात बदलत नाहीत, आणि बदलणारा कोणता हे डोळ्यांना कळत नाही. येथे रसायनशास्त्र मदतीला येऊ शकते. कर्कपेशी प्राणवायू असतानाही साखरेपासून भरपूर लॅक्टिक आम्ल बनवतात, हे जर्मन शास्त्रज्ञ ओटो वारबुर्ग यांनी १९२० च्या दशकात दाखवले होते. पेशींचा चयापचय बदलला की त्यातून निघणारे लहान रेणूही बदलतात. तोंडातील गाठ तर सतत लाळेत भिजलेली असते. जपानी संशोधकांनी २०१० मध्ये २१५ व्यक्तींची लाळ तपासली. कर्करुग्ण आणि निरोगी माणसे यांच्यात वेगळे प्रमाण दाखवणारे ५७ पदार्थ त्यांना आढळले.

मात्र लाळ ही चंचल असते. जेवण, दिवसाची वेळ, हिरड्यांचा विकार आणि खुद्द तंबाखू यांनीही तिचे घटक बदलतात. म्हणून निरोगी माणूस आणि कर्करुग्ण यांची तुलना पुरेशी नाही. चट्टे असलेल्या अनेकांची लाळ आज घ्यावी, त्यांना काही वर्षे पुन्हा पुन्हा तपासावे आणि कोणाचा चट्टा बदलला ते पाहावे. खरी कसोटी हीच, आणि तिच्यासाठी पुन्हा गावोगावी, घरोघरी जावे लागेल.

तोवर हाताशी असलेला उपाय साधा आहे. तोंडात पांढरा वा लाल चट्टा दिसला, दोन आठवड्यांत न भरणारी जखम असली किंवा तोंड कमी उघडू लागले, तर ताबडतोब दंतवैद्याला दाखवावे. विद्यार्थी हे घरच्यांना सहज सांगू शकतील.