द इनर लाइट

द इनर लाइट : बीटल्स या इंग्लिश रॉक बँडचे २ मिनिटे ३६ सेकंदांचे गाणे. त्याचे वादन दक्षिण मुंबईत, फोर्टमधील फिरोजशाह मेहता रस्त्यावरच्या एचएमव्ही स्टुडिओत १२ जानेवारी १९६८ रोजी ध्वनिमुद्रित झाले. गायन त्यानंतर लंडनमध्ये. १५ मार्च १९६८ रोजी ब्रिटनमध्ये निघालेल्या ‘लेडी मॅडोना’ या सिंगलच्या मागच्या बाजूवर ते प्रसिद्ध झाले. संगीत बँडमधील जॉर्ज हॅरिसन (१९४३–२००१) यांचे. बीटल्सच्या सिंगलवर आलेली त्यांची ही पहिली रचना.

शब्दांचे मूळ चिनी आहे. केंब्रिजमध्ये संस्कृत शिकवणारे आणि भगवद्गीतेचे इंग्रजी भाषांतर करणारे ह्वान मास्कारो यांनी नोव्हेंबर १९६७ मध्ये हॅरिसन यांना पत्र लिहिले. ‘लॅम्प्स ऑफ फायर’ या आपल्या संग्रहातील ‘ताओ ते चिंग’च्या ४७व्या प्रकरणाला चाल लावून पाहावी, असे त्यांनी सुचवले. दाराबाहेर पाऊल न टाकता जग जाणता येते, हा त्या प्रकरणाचा आशय. संतांचे अभंग कानावर पडत वाढलेल्या मराठी माणसाला तो परका वाटू नये.

हॅरिसन मुंबईला नवखे नव्हते. सप्टेंबर १९६६ मध्ये पंडित रविशंकर यांच्याकडे सतार शिकण्यासाठी ते पत्नीसह आले आणि ताजमहाल हॉटेलात खोटे नाव लावून उतरले. तरी बातमी फुटलीच. जानेवारी १९६८ मध्ये ते पुन्हा आले, ते ‘वंडरवॉल’ या चित्रपटाचे संगीत करण्यासाठी. चित्रपटाला लागेल त्याहून अधिक संगीत त्या चार-पाच दिवसांत तयार झाले. या जादा वादनातूनच गाण्याचा ऐवज आला.

स्टुडिओची सोय बेताची होती. ग्रामोफोन कंपनीचे भास्कर मेनन यांनी दोन ट्रॅकचे स्टीरिओ यंत्र खास कलकत्त्याहून आणवले. (हेच मेनन पुढे अमेरिकेतील कॅपिटॉल रेकॉर्ड्सचे आणि नंतर ईएमआयच्या जागतिक संगीत व्यवसायाचे प्रमुख झाले.) दोनच ट्रॅक म्हणजे एकेका वाद्याचे ध्वनिमुद्रण वेगळे करून नंतर आवाज कमी-जास्त करण्याची मुभा जवळजवळ नाहीच. सगळ्यांनी एकत्र बसायचे, कोणी मायक्रोफोनपासून किती लांब बसायचे ते आधीच ठरवायचे, आणि एकाचा सूर हलला तर सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून वाजवायचे. खोली पुरती ध्वनिरोधक नव्हती, रस्त्यावरची रहदारी आत ऐकू यायची. संध्याकाळी साडेपाचला इमारतीतली ऑफिसे सुटली, की जिन्यावरून उतरणाऱ्यांच्या पावलांचा आवाज थेट आत येई आणि काम थांबवावे लागे, अशी आठवण हॅरिसन यांनी पुढे सांगितली. फोर्टात नोकरी केलेल्या कोणालाही ती पावले ओळखता येतील. पुढे चर्चगेट नाहीतर व्ही.टी. गाठून लोकल पकडायची असते.

या गाण्याच्या वादकांत सरोदवर आशीष खाँ, पखवाजावर महापुरुष मिश्र, बासरीवर हरिप्रसाद चौरसिया आणि हार्मोनियमवर रिजराम देसाड यांची नावे घेतली जातात. त्याच मुक्कामात झालेल्या ‘वंडरवॉल’च्या वादनात शिवकुमार शर्मा (संतूर), विनायक व्होरा (तारशहनाई) आणि एस. आर. केंकरे (बासरी) हेही होते. सिंगलच्या लेबलावर मात्र यांपैकी एकाचेही नाव नाही. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे ते घडले हे खरे. पण या गाण्यात गिटार नाही, ड्रम नाहीत, बीटल्सपैकी कोणाचे वाद्यच नाही. तबकडीच्या त्या बाजूवर जे काही वाजते ते या मंडळींचे आहे, म्हणून त्यांची नावे या नोंदीत प्रथम हवीत.

रचना खमाज थाटाच्या स्वरांची आहे. आरंभी आणि मध्ये सरोदसह वाद्यमेळ द्रुत लयीत धावतो. गायन सुरू होताच लय खाली येते आणि बासरी-हार्मोनियम शब्दांच्या कडेने चालतात. आलाप नाही, विस्तार नाही. अडीच मिनिटांत राग मावतो का, ही शंका शास्त्रीय संगीताच्या श्रोत्याला येईल. पण गिरगावच्या नाट्यगृहांत रात्रभर रंगणारी पदे आपल्या गायकांनी ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर तीन-साडेतीन मिनिटांत बसवली होती, आणि चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणात वाजवणाऱ्यांना चार ओळींच्या मधली जागा नेमकी भरण्याचा रोजचा सराव होता. या गाण्याचा बांधेसूदपणा त्या सरावातून आला, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

टेप लंडनला गेल्यावर ६ फेब्रुवारीला हॅरिसन यांनी ईएमआयच्या ॲबी रोड येथील स्टुडिओत गायन केले. चाल आपल्या गळ्याला उंच जाते म्हणून ते कचरत होते. बँडमधले सहकारी जॉन लेनन व पॉल मॅकार्टनी यांनी धीर दिला. ८ तारखेला या दोघांनी शेवटच्या ओळीला आपले आवाज जोडले. लेनन यांचे ‘अक्रॉस द युनिव्हर्स’ही तेव्हा सिंगलसाठी विचारात होते; पण त्याच्या ध्वनिमुद्रणावर ते स्वतःच नाखूश होते, आणि मागची बाजू ‘द इनर लाइट’ला मिळाली.

सिंगल बाजारात आले तेव्हा हॅरिसन हृषीकेशला महर्षी महेश योगी यांच्या आश्रमात होते. ‘लेडी मॅडोना’ ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोचले. अमेरिकेच्या ‘बिलबोर्ड’ यादीत ‘द इनर लाइट’ स्वतंत्रपणे ९६व्या क्रमांकावर आठवडाभर होते. बीटल्सच्या मूळ अल्बमांत ते नाही. पुढे ‘रॅरिटीज’ आणि ‘पास्ट मास्टर्स’ (१९८८) या संकलनांत आले. हॅरिसन यांच्या निधनानंतर एका वर्षाने, २९ नोव्हेंबर २००२ रोजी, लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमधील स्मृतिमैफलीत जेफ लिन यांनी ते गायले. सतारीवर अनुष्का शंकर होत्या.

२०१४ मध्ये त्या चित्रपटाच्या संगीताचा ‘वंडरवॉल म्यूझिक’ हा अल्बम नव्याने निघाला, तेव्हा त्यात या गाण्याचे मुंबईतले आणखी एक वादन गायनाविना प्रथमच प्रसिद्ध झाले. त्यात ओळींच्या जागी गळा नाही. केवळ वाद्यांवरच गाणे पुरे होते.