मका गेला, चुना राहिला



गेल्या महिन्यात आमच्या गटाची बैठक होती. हप्ते गोळा झाले, वहीत सह्या झाल्या आणि मग नेहमीसारखा विषय खाण्यावर आला. एकीने मक्याच्या भाकरीचं गाऱ्हाणं मांडलं. कढत पाण्यात पीठ मळलं तरी भाकरी चिरते, उचलायला गेलं की मोडते. दुसरी म्हणाली, मक्याला चिकटपणाच नाही, ते कोंबड्यांचं खाणं. तेव्हा आम्ही सांगितलं की जगात एक देश असा आहे, जिथल्या बाया मक्याची पातळ भाकरी करतात आणि ती गुंडाळली तरी तुटत नाही. त्याचं गुपित आपल्या पानाच्या डबीत आहे. चुना! सगळ्या हसल्या. मग बैठक संपली तरी कुणी उठेना. तीच गोष्ट आज तुम्हाला सांगतो.

मका मूळचा मेक्सिकोचा. सुमारे 9,000 वर्षांपूर्वी तिथल्या लोकांनी एका रानगवतापासून निवडून निवडून तो तयार केला. त्याचं दाणेदार कणीस झालं, पण दाण्याची साल जाड आणि चिवट. तिथल्या बायांनी त्यावर उपाय शोधला. चुनखडी भाजून केलेला चुना पाण्यात घालायचा, त्यात मका शिजवायचा आणि रात्रभर तसाच ठेवायचा. सकाळी पाणी ओतून द्यायचं आणि दाणे हाताने चोळून धुवायचे, म्हणजे साल सुटते. मग ओले दाणे पाट्यावर वाटायचे. हो, पाट्यावरच. त्यांचा पाटा तीन पायांचा आणि उतरता असतो, वरवंटा लांबट. त्यापुढे गुडघ्यावर बसून तासन् तास वाटायचं. त्या पिठाला चिकटपणा येतो, हातावर थापता येतं, मातीच्या तव्यावर भाजता येतं. त्या भाकरीला आज आपण तोर्तिया म्हणतो. चुना नसेल तिथे चुलीतली राख वापरत. या मक्याला तिथल्या नाहुआत्ल भाषेत जो शब्द आहे, त्यात राख आणि पीठ हे दोन्ही शब्द बसलेले आहेत. निदान 3,000 वर्षांची ही रीत. ती आईकडून लेकीकडे हातांनीच गेली.

1492 मध्ये कोलंबस अमेरिकेला पोचला. त्यानंतर जहाजांतून मका युरोपात गेला. पुढे पोर्तुगिजांबरोबर मिरचीसारखा तोही आपल्याकडे आला. बियाणं गेलं, पण पाट्यापुढे बसलेली बाई काही जहाजात चढली नाही. युरोपात पाणचक्क्या होत्या. कोरडा, कडक दाणाही त्यांत दळला जाई. मग चुन्याचा खटाटोप कोण करणार? चुना फक्त साल काढायला आहे असंच बघणाऱ्याला वाटलं असावं. पुरुष व्यापारी स्वयंपाकघरात किती वेळ थांबणार, तुम्हीच सांगा.

मका भरपूर पिके आणि स्वस्त पडे. गरिबाचं पोट त्याच्यावर आलं. मग स्पेनच्या उत्तरेला अस्तुरियास भागात 1735 साली गास्पार कासाल नावाच्या डॉक्टरांना एक विचित्र आजार दिसला. उन्हात उघड्या राहणाऱ्या कातडीवर लाल चट्टे येत. ती जाड होई, सोलवटून निघे. गळ्याभोवती तर माळ घातल्यासारखा पट्टा उठे. त्याला अजूनही कासालची माळ म्हणतात. इटलीत या रोगाचं नाव पडलं पेलाग्रा, म्हणजे खरखरीत कातडी. आधी कातडी, मग हगवण, मग भ्रम, शेवटी मरण. इटलीच्या उत्तरेला शेतमजूर तिन्ही त्रिकाळ मक्याचा घट्ट घाटा खात. तिथली वेड्यांची इस्पितळं या रोग्यांनी भरली. मका बुरशीचा असतो म्हणून असं होतं, असं मोठमोठे डॉक्टर सांगत राहिले. आणि मेक्सिकोत? तिथे मका त्याहून जास्त खात होते, पण हा रोग नव्हता म्हटलं तरी चालेल.

आता अमेरिकेच्या दक्षिण भागात या. 1900 नंतरचा काळ. कापसाच्या गिरण्यांभोवती मजुरांच्या वस्त्या उठल्या होत्या. गरिबांचं जेवण तीन पदार्थांचं : मक्याचं पीठ, काकवी आणि डुकराची चरबी. पीठही आता मोठ्या गिरणीतून येई. टिकावं म्हणून दाण्याचा कोंब काढून टाकलेला. माणसं हजारोंनी आजारी पडू लागली. हा संसर्ग आहे असं सगळ्यांनी धरून ठेवलं. रोग्यांना कोणी शिवेना.

1914 साली सरकारने डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांना तपासाला पाठवलं. लहानपणी आईवडिलांबरोबर परदेशातून आलेलं हे कुटुंब. वडिलांचं न्यूयॉर्कमध्ये किराणा दुकान होतं. त्यांनी वेड्यांची इस्पितळं आणि अनाथाश्रम बघितले, आणि आपल्यातली कोणतीही बाई विचारेल तो प्रश्न विचारला. रोग्यांना रोज हात लावणारे नोकर आजारी का पडत नाहीत? मग ताटात काय आहे ते बघितलं. एका अनाथाश्रमात तर गंमतच होती. सहा वर्षांखालच्या मुलांना दूध मिळे. बारा वर्षांवरची मुलं कामाला जात, म्हणून त्यांना मांस मिळे. मधल्या मुलांना दोन्ही नाही. आजार मधल्यांनाच! त्या मुलांना दूध, अंडी, मांस, शेंगा सुरू केल्या आणि पेलाग्रा गेला.

पुढच्या वर्षी मिसिसिपीतल्या एका तुरुंगाच्या शेतावर 12 कैदी तयार झाले. शिक्षा माफ करू, पण मका, भात, रताळी, काकवी असंच खावं लागेल, असा करार होता. त्यातले 11 शेवटपर्यंत राहिले आणि सहा जणांना पेलाग्रा झाला. असा करार आज कुणी करू देणार नाही, आणि ते बरंच आहे.

तरी लोक मानेनात. मग 1916 मध्ये डॉक्टरांनी स्वतःवर आणि सोबत्यांवर प्रयोग केला. रोग्याचं रक्त टोचून घेतलं. रोग्याची कातडी आणि विष्ठा पिठात मिसळून गोळ्या केल्या आणि गिळल्या. ऐकून अंगावर काटा येतो. 16 जणांत त्यांची पत्नी मेरी ही एकच बाई होती. गोळ्या तिला घेऊ दिल्या नाहीत, पण पोटात रक्ताची सुई तिने घेतली. कुणालाही पेलाग्रा झाला नाही.

गोल्डबर्गर आणि त्यांचे सोबती सिडेनस्ट्रिकर यांनी दक्षिण कॅरोलायनातल्या गिरणीवस्त्यांत घरोघर जाऊन हिशेब मांडला. पगार किती, दुकानातून काय आणलं, घरी गाय आहे का. जिथे ताजं दूध आणि मांस होतं तिथे आजार कमी होता. बायका आणि पुरुष वेगळे मोजले तेव्हा तरण्याताठ्या बायकांत रोग पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त निघाला. कारण काय? थोडं दूध आणि थोडं मांस कमावणाऱ्याच्या आणि मुलांच्या ताटात जाई. बाई शेवटी बसे, आणि तेव्हा मक्याचा घाटा आणि काकवी उरलेली असे. चट्टे वसंतात उठत, कारण हिवाळाभर ताजं काही मिळत नसे. 1921 मध्ये हे जाहीर बोललं गेलं तेव्हा दक्षिणेतल्या पुढाऱ्यांना राग आला. आमच्याकडे उपासमार आहे असं कसं म्हणता, हा त्यांचा मुद्दा. (पुढारी सगळीकडचे सारखेच.)

पुढे यीस्टने हा आजार बरा होतो हे कळलं. 1927 च्या मिसिसिपीच्या महापुरानंतर रेड क्रॉसने ते वाटलं. 1929 मध्ये गोल्डबर्गर वारले. नेमका पदार्थ त्यांना सापडला नव्हता. तो 1937 मध्ये कॉनराड एल्वेहेम यांनी शोधला. नायसिन, म्हणजे बी-3 जीवनसत्त्व. मक्यात ते असतं, पण कुलूप लावलेलं. पोटाला ते उघडता येत नाही. चुन्याच्या पाण्यात शिजवलं की कुलूप निघतं. मेक्सिकोच्या बायांकडे किल्ली होती. प्रयोगशाळा ते उघड करायला निघाल्या तेव्हा त्या बायांना कुणी विचारलंच नव्हतं.

हे ऐकून उद्यापासून कुणी पिठात पानाचा चुना कालवू नका हं! त्या रीतीत माप आहे आणि धुणं आहे. वरण, कडधान्य बरोबर असेल तर आपल्याला त्याची गरजही नाही.

पण हे सगळं सातासमुद्रापलीकडचं आहे असं समजू नका. दख्खनमध्ये नुसत्या ज्वारीवर राहणाऱ्या गरीब लोकांतही पेलाग्रा दिसत असे. हैदराबादला काम करणाऱ्या डॉ. सी. गोपालन आणि डॉ. श्रीकांतिया यांनी 1960 मध्ये लॅन्सेट या नियतकालिकात मांडलं की ज्वारीत ल्युसीन नावाचा घटक जास्त असतो, त्याचा याच्याशी संबंध आहे. म्हणून ज्वारी वाईट असं नाही. भाकरी एकटी पडली की त्रास. बरोबर डाळ, दूध, अंडं हवं. आणि शेंगदाणे! त्यात नायसिन चांगलं असतं. भाकरीबरोबर शेंगदाण्याची चटणी कुठल्या डॉक्टरने सांगितली नव्हती.

बैठकीत इथवर आल्यावर आम्ही विचारलं, काल रात्री शेवटी जेवायला कोण बसलं? सगळ्यांचे हात वर. तेव्हा डाळ उरली होती का? बरेच हात खाली आले. मग भाकरी कशाशी खाल्ली? तिखट-मीठ आणि तेल. शेंगदाणे नव्हते का घरात? कोपऱ्यात बसलेल्या एका वयस्कर मावशींनी पदर सावरला आणि म्हणाल्या, "आहेत की. पोतं भरून आहेत. पण ते विकायचे आहेत ना."