हिंदूरावाचा चढ आणि दोन मोटारी

हिंदूराव हे नाव दिल्लीच्या या परिसरास एका मराठी सरदारामुळे लाभले. बायजाबाई शिंदे यांचे बंधू हिंदूराव घाटगे यांचा वाडा रिजच्या टेकडीवर होता. १८५७ च्या रणसंग्रामात त्या वाड्याभोवती घनघोर लढाई झाली. पुढे तेथे रुग्णालय उभे राहिले. त्या टेकडीचा चढ चढताना आम्हां दिल्लीकर मराठी मंडळींत एक वाद वर्षानुवर्षे रंगत असे : अँबॅसिडर श्रेष्ठ की पद्मिनी?

दोघींचे मूळ परदेशी. उत्तरपाड्याच्या हिंदुस्थान मोटर्सची अँबॅसिडर ही इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डची आवृत्ती. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातील इटालियन फियाट पुढे पद्मिनी झाली. साहजिकच आमचा कल पद्मिनीकडे असे.

परंतु आकडे काय सांगतात? अँबॅसिडरचे पेट्रोल इंजिन १४८९ घनसेंटिमीटरचे, शक्ती सुमारे ५० अश्वशक्ती. पद्मिनीचे १०८९ घनसेंटिमीटरचे, शक्ती सुमारे ४०. एकीचे वजन ११०० किलोंहून अधिक, दुसरीचे ९०० च्या आत. म्हणजे वजनाच्या प्रमाणात दोघींची ताकद जवळजवळ सारखीच! दोघींचे गिअर स्टिअरिंगलगत, दोघींच्या मागील चाकांवर कमानपाटे. खरा फरक प्रकृतीचा होता. सुमारे ४.३ मीटर लांबीची अँबॅसिडर आजी-आजोबांसह अख्खे कुटुंब सामावून घेई आणि खड्ड्यांना दाद देत नसे, ३.९ मीटरची पद्मिनी गर्दीतून चपळाईने निघे, पेट्रोलही कमी पिई.

डिसेंबर १९८३ मध्ये अवघ्या ७९६ घनसेंटिमीटरची मारुती आली, आणि आमच्या वादातील उणीव उघडी पडली. वर्षानुवर्षे नंबर लावून मिळणाऱ्या गाडीचे दोष आम्ही गुण म्हणून मिरवले होते. कारण निवडीला वावच नव्हता. बंद बाजारपेठेत दोन्ही कारखान्यांना मूलभूत सुधारणेची निकड भासली नाही, आणि त्याची किंमत अखेर त्यांनीच मोजली. पद्मिनीचे उत्पादन नव्या शतकाच्या उंबरठ्यावर संपले, अँबॅसिडरचे २०१४ मध्ये. मुंबईची अखेरची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली.

तरीही या दोघींविषयी आमच्या मनात कृतज्ञताच आहे. सुट्टीत गावाकडे निघालेल्या कित्येक कुटुंबांना त्यांनीच दिल्लीहून महाराष्ट्रात सुखरूप पोहोचवले. वाद मात्र बरोबरीत सुटला, हे आज मोकळ्या मनाने मान्य करावयास हवे.