नागपूरमधील हातमाग व हस्तकला बाजार

नागपूर या विदर्भातील शहराच्या जुन्या वस्त्यांमध्ये हातमागाची वस्त्रे, कोसा रेशीम आणि मातीच्या मूर्ती यांचा परंपरागत व्यापार चालतो. महाल, इतवारी आणि गांधीबाग ही त्याची प्रमुख केंद्रे आहेत.

इतिहास

देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याने अठराव्या शतकाच्या आरंभी नाग नदीच्या काठी हे शहर वसवले. त्याचा पुत्र चांद सुलतान याने येथे राजधानी आणली. पुढे रघूजी भोसले (पहिले) यांची सत्ता स्थापन झाली आणि विणकर, चितारी व सराफ यांना राजाश्रय लाभला. १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर भोसल्यांची सत्ता खिळखिळी झाली. १८५३ मध्ये संस्थान खालसा होताच कारागिरांचा मोठा आश्रयदाता नाहीसा झाला. १८६७ मध्ये रेल्वे आली आणि १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटा यांची एम्प्रेस मिल सुरू झाली. गिरणीचे सूत हातमागाला उपयोगी पडले, परंतु गिरणीच्या स्वस्त कापडाने त्याची बाजारपेठही हिरावली.

प्रमुख कला

नागपुरी लुगडी प्रामुख्याने हलबा-कोष्टी विणकर विणत आले आहेत. करवतकाठी साडीच्या काठाला करवतीच्या दातांसारखी नक्षी असते. ती विणताना दोन्ही काठांसाठी दोन आणि मधल्या भागासाठी एक असे तीन धोटे वापरतात. काठाच्या सीमेवर आडवे धागे एकमेकांत अडकवल्यामुळे काठ व अंग यांचे रंग परस्परांत मिसळत नाहीत. या कामाला मदतनीस लागतो व वेळही अधिक जातो.

साडीसाठी लागणारे कोसा (टसर) रेशीम भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील ऐन आणि अर्जुन वृक्षांवर वाढवलेल्या अळ्यांच्या कोशांपासून मिळते. हे काम मुख्यतः ढिवर समाज करतो. मोहाडी तालुक्यातील आंधळगाव हे कोसा विणकामाचे जुने केंद्र आहे.

महालातील चितार ओळीत गणेशोत्सवापूर्वी मातीच्या मूर्ती घडवल्या व रंगवल्या जातात.

बाजारपेठा

गांधीबाग घाऊक कापडासाठी, तर इतवारी सराफ्यासाठी प्रसिद्ध आहे. रेल्वेमार्गाच्या पश्चिमेस सीताबर्डीची किरकोळ बाजारपेठ आहे. तिच्यालगत वर्धा मार्गाच्या बाजूस रामदासपेठ ही वस्ती आहे. नावात ‘पेठ’ असली तरी ती जुन्या पेठांप्रमाणे एखाद्या व्यवसायाची नसून निवासस्थाने, रुग्णालये, हॉटेले व दुकाने यांची आधुनिक वस्ती आहे. कारागिरांची जुनी वस्ती मात्र रेल्वेमार्गाच्या पूर्वेकडे आढळते.

सद्यस्थिती

यंत्रमागावरील स्वस्त नक्कल ही हातमागापुढील मुख्य अडचण आहे. १९८५ च्या केंद्रीय कायद्याने ठरावीक वस्त्रे हातमागासाठी राखीव ठेवली, तर २००६ पासून अस्सल मालासाठी ‘हातमाग चिन्ह’ दिले जाते. करवतकाठी साडीला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. तथापि विणकरांची नवी पिढी अन्य व्यवसायांकडे वळत असल्याने तीन धोट्यांची विणकला टिकवणे कठीण होत आहे.